यादीतला तिसरा पर्याय

आमच्या संस्थेत मला ‘मेलवाले सर’ म्हणतात. माझं खरं पद लांबलचक आहे आणि ते पगाराच्या चिठ्ठीखेरीज कुठंही वापरलं जात नाही. दिल्लीतल्या एका सरकारी संस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर ब्राउझरमध्ये एक पान उघडतो. पूर्वी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवत बसावं लागायचं, आणि एक स्वल्पविराम चुकला की सगळं ठप्प व्हायचं. मग हे पान आलं. डावीकडे यादी: खाती, नियम, अडवलेले मेल, नोंदी. उजवीकडे चौकोन. चौकोनात टिक करायची आणि खालचं निळं बटण दाबायचं. इतकं सोपं की आपण काही करतो आहोत असं वाटतच नाही. माझ्या हातून जे झालं त्याचं खापर या सोपेपणावर फोडायचा मोह मला अनेकदा होतो, पण ते खोटं ठरेल.

दिल्लीच्या कार्यालयांत सकाळ फुलांनी सुरू होते. खरी फुलं नव्हेत, मेलवरची. गुलाब, कमळ, उगवता सूर्य, वाफाळता कप, त्यावर हिंदीत एखादा सुविचार आणि खाली ‘सुप्रभात’. बाकी जग हे सगळं फोनवर करू लागलं, पण आमच्या वरिष्ठांनी ऑफिसचा मेल काही सोडला नाही, कारण तिथं एकच पत्ता टाकला की फूल चारशे जणांकडे एकदम जायचं. मग त्यातले पन्नासेक जण उलटं फूल धाडायचे, तेही चारशे जणांना. दहा वाजेपर्यंत माझा फोन खणखणू लागायचा. ‘सर, मेरा मेल भर गया है, कुछ कीजिए ना.’

मी आधी सभ्यपणे उपाय केले. कार्यालयीन मेल फक्त कार्यालयीन कामासाठी वापरावा, असं परिपत्रक काढून घेतलं. संचालकसाहेबांनी त्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांना एक कमळ पाठवलं. मग मी पाठवलेले मेल तीन महिन्यांनी आपोआप पुसले जातील अशी सोय केली. तेवढ्यानंही भागेना. शेवटी मी चार दिवस फुलांचा अभ्यास केला. त्यांची ओळख पटवणं अवघड नव्हतं. विषयाची ओळ रिकामी, आत मजकूर नाही, जोडलेलं एकच चित्र. या तीन खुणा जुळल्या की ते फूलच. मी नियम लिहिला आणि त्याला नावही दिलं, ‘फूलबंदी’.

असा मेल आला की त्याचं काय करायचं, यासाठी पानावर तीन पर्यायांची यादी उघडते. पहिला, परत पाठवा. यात पाठवणाऱ्याला निरोप जातो की तुमचा मेल घेतला नाही. दुसरा, बाजूला ठेवा. मेल एका कोपऱ्यात साठत जातो आणि कुणीतरी, म्हणजे मी, रोज तो चाळायचा. तिसरा, टाकून द्या. यात पाठवणाऱ्याला वाटतं मेल गेला, आणि ज्याला यायचा त्याला कळतही नाही की आपल्याकडे काही येत होतं.

पहिला पर्याय निवडला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला संचालकसाहेबांना निरोप मिळाला असता की तुमचं कमळ नाकारलं आहे. मी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात वाढलो. साहेबाला नाही म्हणायचं नसतं, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलं गेलं. दुसऱ्या पर्यायात रोजची कटकट होती. मी तिसरा निवडला आणि निळं बटण दाबलं.

कुणालाही काही कळलं नाही. साहेब रोज फूल पाठवत राहिले, ते रोज कचऱ्यात जात राहिलं, आणि आपल्याला उलटी फुलं येईनाशी झाली याचं त्यांना फारसं वाटलं नसावं. तक्रारींचे फोन बंद झाले. मी घरी आर. के. पुरमला येऊन बायकोला हे रंगवून सांगितलं. ती म्हणाली, ‘आणि कुणाचं खरंच काही असलं तर?’ मी हसलो. खरं काम असलेला माणूस दोन शब्द तरी लिहितोच की, असं मी तिला ऐकवलं.

आमच्या आवक-जावक विभागात वर्ध्याकडच्या एक बाई आहेत. संस्थेत येणारा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून जातो. त्या रजिस्टरमध्ये नोंद करतात, क्रमांक घालतात, आणि आणणाऱ्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच देतात. वीस वर्षं त्यांनी हेच केलं. पोच दिल्याशिवाय त्या माणसाला हलू देत नाहीत. ऑफिसात सगळं हिंदीत चालतं, पण दुपारी डबा खाताना आम्ही दोघं मराठीत बोलायचो आणि मी त्यांना रजिस्टरवरून चिडवायचो.

गावी त्यांच्या आईला अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणं तेवढं शाबूत होतं. धाकटा भाऊ आणि भावजय सगळं करायचे. बाई रोज संध्याकाळी फोन करायच्या आणि आई एकच विचारायची, ‘कधी येतं वं?’ आमच्या संस्थेचं एक केंद्र नागपूरला आहे. तिथं विनंती बदली मिळाली तर रोज संध्याकाळी आईजवळ पोचता आलं असतं. नवऱ्याची हरकत नव्हती, मुलगी कॉलेजात होती, ती म्हणाली मी बाबांजवळ राहीन. बाईंनी आईला सांगून टाकलं, मी अर्ज करते, उन्हाळ्याच्या आत येते.

त्या वर्षी पहिल्यांदाच बदलीचे अर्ज मेलवर मागवले होते. कागद घेणार नाही, असं परिपत्रकातच होतं. आता आमच्याकडची रीत अशी, की अर्ज म्हणजे कागद. हातानं भरलेला, सही केलेला, विभागप्रमुखांचा शिक्का असलेला. मेल हे फक्त त्याचं पाकीट, आणि पाकिटात कुणी वेगळं काही लिहीत बसत नाही. बाईंनी छापील अर्ज सुवाच्य अक्षरात भरला, सही-शिक्का घेतला, फोननं त्याचा फोटो काढला आणि बदली समितीच्या पत्त्यावर पाठवून दिला. विषय रिकामा, मजकूर नाही, एक चित्र.

तो जानेवारीतला बुधवार होता. मुदत शुक्रवारपर्यंत होती. डब्याच्या वेळी त्यांनी फोन माझ्यापुढं धरला.

‘सर, जरा बघता का? गेला ना हा?’

मी हातातला घास तसाच ठेवून बघितलं. पाठवलेल्या मेलमध्ये तो दिसत होता.

‘गेला की.’

‘पोच नाही आली पण.’

‘मेलला पोच नसते हो बाई. हे काय तुमचं रजिस्टर आहे? चलो, जेवा आता. बिल्कुल टेन्शन घेऊ नका.’

त्या हसल्या. माझी खुर्ची तिथून वीस पावलांवर होती. पान उघडून नोंदी बघायला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि मुदतीला दोन दिवस बाकी होते. मी उरलेली भाजी संपवली.

मार्चअखेर बदल्यांची यादी लागली. त्यात त्यांचं नाव नव्हतं. विनंती बदलीत नाव आलं नाही तर कारण विचारायचं नसतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. विचारणारा माणूस लक्षात राहतो, आणि लक्षात राहणं चांगलं नसतं. त्यांनी विचारलं नाही. ‘पुढच्या वर्षी बघू,’ म्हणाल्या आणि रजिस्टर उघडलं.

मे महिन्यात आई गेली. निरोप आला तेव्हा त्या ऑफिसातच होत्या. मिळेल त्या गाडीनं निघाल्या, पण पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. उन्हाळा होता, भाऊ थांबला नाही.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी डबा न उघडताच त्यांनी मला तिथं घडलेलं सांगितलं. आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे नातेवाईक जमले होते. त्या सगळ्यांसमोर भाऊ म्हणाला की ताईला यायचंच नव्हतं, अर्जबिर्ज काही केलाच नाही तिनं, आई हेच म्हणत म्हणत गेली. बाईंनी फोनवरचा अर्जाचा फोटो दाखवला. भाऊ म्हणाला, कागद भरून ठेवला असशील, पाठवला नाहीस. पाठवला असता तर हो किंवा नाही असं काहीतरी उत्तर आलं असतं. मग बाईंनी पाठवलेला मेल दाखवायला म्हणून खातं उघडलं. सगळे बघत होते. मेल तिथं नव्हता. त्या वर-खाली शोधत राहिल्या, आणि एक एक जण उठून गेला.

‘कुठं गेला असेल हो सर?’

‘तीन महिन्यांनी पुसले जातात,’ मी म्हणालो. ‘सगळ्यांचेच.’

‘मग तुमच्याकडे तरी नोंद असेल ना? भाऊ माझा फोन उचलत नाही. तसा कागद आहे का काही, तारीख-वेळ असलेला? छापील असला की मानेल तो.’

असते की नोंद. सर्व्हरवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची ओळ असते, मी त्यांना म्हणालो. मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. त्यांच्यासाठी काहीतरी करता येणार होतं. मी त्याच दुपारी पान उघडलं, नोंदींमध्ये त्यांचा पत्ता टाकला, जानेवारीचा तो आठवडा निवडला. ओळ लगेच सापडली. पाठवणाऱ्याचा पत्ता, समितीचा पत्ता, बुधवार, दुपारचे एक वाजून काही मिनिटं, एक चित्र, विषय नाही. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: टाकून दिला. नियम: फूलबंदी.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग नियम उघडला आणि बंद केला. आता तो बंद करण्यात काय अर्थ होता कोण जाणे, पण केला. बदली समितीला आलेले इतर अर्ज तपासले. त्यांत कुणी ‘महोदय’ तरी लिहिलं होतं, कुणी विषयाच्या ओळीत नाव टाकलं होतं. ते सगळे पोचले होते. गिळला गेला होता तो एकटा बाईंचा.

त्यांना हवा असलेला कागद माझ्यासमोर होता. एक बटण दाबलं की छापून निघाला असता. मात्र त्याच कागदावर, त्याच ओळीत, मी काय केलं तेही छापून निघणार होतं. मी पान बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना म्हणालो, ‘बघतोय, जुन्या नोंदी आहेत, शोधायला जरा वेळ लागेल.’

हे मी आयुष्यात उच्चारलेलं सगळ्यात नीच वाक्य आहे, आणि मी ते अगदी सहज बोललो. पुढं दर आठवड्याला बोलत राहिलो. त्या विचारायच्या, मी बघतोय म्हणायचो. एका रविवारी करोल बागेत बायको दुकानात साड्या उलगडून बघत होती आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सोमवारी बाईंना काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होतो. सोमवारी एक बैठक निघाली. मंगळवारी त्या रजेवर होत्या. बुधवारी माझं डोकं दुखत होतं.

या नोंदी सहा महिन्यांनी आपोआप पुसल्या जातात. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, कारण जागा वाचवायला ती मर्यादा मीच घातली होती. जुलैमध्ये ती ओळ पुसली जाणार होती. ती मर्यादा वाढवायला चौकोनातला आकडा बदलणं पुरेसं होतं. मी रोज ते पान उघडत होतो, रोज तो चौकोन माझ्या डोळ्यांसमोर होता. जुलै आला. एका सकाळी मी शोधलं तर ओळ नव्हती. मला हायसं वाटलं. खरोखर हायसं वाटलं. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर त्यांनी विचारणं सोडून दिलं. ऑगस्टमध्ये एक दिवस डबा बांधता बांधता म्हणाल्या, ‘सर, राहू द्या आता. तुम्ही माझ्यासाठी एवढे दिवस शोधलंत, तेच खूप आहे. इथं दुसरं कोण करतं कुणासाठी?’

ते मला सहन झालं नाही. मी खोलीचं दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. फुलं, नियम, तीन पर्याय, ती ओळ, ती मी पाहिली होती हे, आणि ती आता नाही हे.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्याबद्दल नव्हताच. ‘म्हणजे पोचला होता?’

‘सर्व्हरपर्यंत पोचला होता. बुधवारीच. एक वाजून काही मिनिटांनी.’

‘मुदतीच्या आत.’

‘आत.’

त्या बराच वेळ डब्याच्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘साहेबांना वाईट वाटू नये म्हणून?’

मी मान डोलावली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला चाललं असतं. आवाज चढवला असता, साहेबांकडे जाते म्हणाल्या असत्या, तरी चाललं असतं. साहेबांना मी स्वतः सांगतो, असं मीही म्हणालो नाही.

‘कागद नाही तर नाही,’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘तुम्ही फोन कराल भावाला? तुम्ही मोठे आहात, अधिकारी आहात. तुमच्या तोंडून ऐकलं तर मानेल.’

त्यांनी नंबर लिहून दिला. मी जिन्यात जाऊन फोन लावला. भावानं उचलला. मी माझी ओळख सांगितली आणि एकच गोष्ट तुकड्यातुकड्यानं त्याला तीन वेळा समजावली. तुमच्या ताईंनी अर्ज वेळेत पाठवला होता, तो आमच्या यंत्रानं टाकून दिला, यंत्राला तसं मी सांगून ठेवलं होतं, ताईंची काहीही चूक नाही. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

‘याचा काही कागद हाये का तुमच्यापाशी?’ त्यानं विचारलं.

‘नाही. नोंद पुसली गेली.’

तो अगदी अदबीनं म्हणाला, ‘सर, तुमी मोठे मानूस. तुमाले मी का म्हनू? पन हे तुमाले ताईनं सांगायले लावलं ना?’

‘नाही हो. शपथेवर सांगतो. चूक माझी आहे.’

‘बरं,’ तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बंद होता.

मी खाली आलो. बाई टेबलाशी उभ्या होत्या. समोर कुणीतरी कागद घेऊन थांबला होता, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे होतं.

‘उचलला? काय म्हणाला?’

‘उचलला,’ मी म्हणालो. ‘बरं म्हणाला.’

‘एवढंच?’

‘हो. बरं म्हणाला.’

त्यांचा चेहरा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला. ‘तो असाच आहे सर, मोजकंच बोलतो. बरं म्हणाला म्हणजे मानलं त्यानं.’

मी तिथंच उभा राहिलो. त्याच दुपारी त्यांनी शनिवारचं वर्ध्याचं तिकीट काढलं आणि रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: भावाकडे जाणे.